तळाशी बसलेला काढा

बाबा, त्या सकाळबद्दल तुमच्याशी कधी बोलले नाही, म्हणून आता लिहिते आहे.

उत्तरेतल्या वृंदावन योजना वसाहतीतलं आपलं स्वयंपाकघर, दोन हजार दहाच्या आसपासचा पावसाळा. तुम्ही वनौषधी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले. पोट बिघडलं की शेजारी तुमच्याकडे यायचे आणि तुम्ही कुड्याच्या सालीचा काढा उकळून द्यायचात. तो इतका कडू की शेजारच्या आंटीजींच्या आग्रहावरून तुम्ही नाइलाजाने त्यात चहापत्ती टाकायला लागलात. पत्ती पडली की काढा गढूळ होतो. तुम्ही मला पातेलं दाखवता आहात: "बघ, चहातलं टॅनिन सालीतल्या अल्कलॉइडला धरतं आणि खाली बसतं. न ढवळता ओतलंस तर वरच्या कपात नुसतं पाणी आणि शेवटच्यात सगळं औषध."

त्या दिवशी आंघोळीला जाताना तुम्ही पुन्हा बजावलंत, "ढवळून दे गं." मी फोनवर मैत्रिणीशी भांडत होते. फोन कानाला लावूनच चौघांना वरवरचा काढा ओतून दिला. आंटीजी शेवटी आल्या, त्यांना तळाचा दाट कप मिळाला. दुपारी उलट्या, चक्कर, मग दवाखाना. तीन दिवसांनी त्या घरी आल्या.

पण त्यांना दवाखान्यात नेलं त्याच संध्याकाळी तुम्ही मला विचारलंत, "मी तुला ढवळायला सांगितलं होतं ना?"

"नाही बाबा," मी म्हणाले.

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. "मग विसरलो असेन," एवढंच म्हणालात आणि आंटीजींच्या मुलासमोर जाऊन हात जोडलेत. "गलती मेरी है बेटा, अब उम्र हो गई." काढा बंद झाला. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण नंतर तुम्ही गॅस बंद केला का ते तीनतीनदा बघायला लागलात, तपासायला आलेले प्रबंध न उघडता परत पाठवलेत, स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिलीत. तुमची स्मरणशक्ती ठणठणीत होती. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मी किल्ली घेतली.

गेल्या महिन्यात आंटीजी गेटापाशी भेटल्या. "तुम्हारे पापा बड़े भले आदमी थे. बस, आख़िर में भूलने लगे थे."

"हाँ आंटीजी," मी म्हणाले.

खरं तर हे त्यांना सांगायला हवं. दोन घरं सोडून राहतात. आणि मी तुम्हाला लिहीत बसले आहे, तेही मराठीत, जी त्यांना कळत नाही.