कायदा वाचून मिळेल

अंबरनाथ पूर्व,
२४ जून

तीर्थस्वरूप रामभाऊमामांस,

भाची सुषमाचा साष्टांग नमस्कार. (आठातलं एक अंग सध्या नादुरुस्त आहे, सात अंगांचा समजावा.) तुमचा गुडघा, मामींची साखर आणि सोनिवलीच्या नव्या फ्लॅटची लिफ्ट ताळ्यावर असतील अशी आशा आहे. तोंडी सांगितलेलं तुम्ही ऐकत नाही, 'लेखी द्या' म्हणता, म्हणून पत्र.

नादुरुस्त अंग म्हणजे मान. गेले आठ दिवस ती डावीकडेच बघते आहे आणि याला सरकार जबाबदार आहे, हे मी पूर्ण शुद्धीत लिहिते. इथल्या एका कार्यालयाने (नाव लिहीत नाही, तुमचे जुने सहकारी दुखावतील) जनतेला घरबसल्या वाचता यावेत म्हणून आपले आदेश संकेतस्थळावर टाकलेत. सगळे आडवे. स्कॅन करणाऱ्याने कागद आडवा घातला, तो आडवाच गेला. मोबाइल फिरवावा तर आदेशही सोबत फिरतो आणि पुन्हा आडवा होतो. शेवटी मी दुकानातल्या बाकावर कुशीवर पडून वाचला. (छापून कागद फिरवता आला असता, हे मान आखडल्यावर सुचलं.) पारदर्शक कारभार म्हणतात तो हाच, फक्त आडवं झाल्याशिवाय दिसत नाही.

झेरॉक्सवालीला आदेश कशाला वाचायचे, असं तुम्ही विचारालच. मामा, दिवाळीपासून मी दुकानावर पाटी लावली आहे: 'कायदा वाचून मिळेल.' शेजारच्या दुकानावर 'पिको-फॉल करून मिळेल' आहे, त्याला कोणाची हरकत नाही. माझ्या पाटीला मात्र समोरच्या वकीलसाहेबांनी घेतली. म्हणाले, वाचणं वेगळं, कळणं वेगळं. मी म्हटलं, कायदा माहीत नव्हता ही सबब कोर्टात चालत नाही ना, मग लोकांनी तो माहीत करून घ्यायचा कुठे, स्वप्नात? पाटी काढली नाही. उलट अक्षर मोठं करून घेतलं.

आता जिवली. बारवीकडच्या डोंगरातल्या वाडीवरून येते आणि बावीस वर्षं आमच्या कोपऱ्यावर रानभाज्यांची पाटी घेऊन बसते. (तिची पाटी डोक्यावरची, माझी दारावरची.) फेरीवाल्यांची मोजणी झाली उन्हाळ्यात आणि रानभाजी उगवते पावसाळ्यात, त्यामुळे यादीत जिवली नाही. यादीत नाही म्हणजे अतिक्रमणवाल्यांची गाडी येणार आणि पाटी उचलणार. म्हणून यादीत घ्या असा तिचा अर्ज मीच केला आणि त्यावरचा आदेशही मीच शोधला, हाच तो आडवा. त्यात लिहिलं होतं: 'सदर अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.'

दाखल झाला. मी नाचलेच असते, मान आडवी आली. आदेश छापला, फुकट लॅमिनेट केला, दोरी ओवून जिवलीच्या पाटीला बांधला. तिने शेवळांची जुडी माझ्या काउंटरवर ठेवली, घसा खाजू नये म्हणून त्यात घालायची काकडाची आंबट फळंही. भाजी उत्तम झाली.

चौथ्या दिवशी गाडी आली. सगळे पळाले, जिवली उठली नाही. तिने लॅमिनेट पुढे केलं. गाडीवरच्या माणसाने ते शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "मावशे, ह्यात तर नाही म्हटलंय. पण कागद एकदम कडक बनवलाय, कोणी?" पाटी गेली. शेवळं, कुर्डू, टाकळा, सगळं गेलं.

सरकारी मराठीत दप्तरी दाखल म्हणजे फाइल बंद, विषय संपला, हे तेव्हा मला कळलं आणि मी ते जिवलीला सांगितलं. ती म्हणाली, "दाखल म्हंजे बंद? मंग आमची पोरां शालेत दाखल केली, ती पन बंदच का, ताई?"

याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं. चौतीस वर्षांच्या कारकुनीत हे वाक्य तुम्ही किती जणांना पाठवलंत? मी नऊ वर्षांची असताना सायकल मागितली, तेव्हाही तुम्ही हसून म्हणाला होतात, "अर्ज दप्तरी दाखल." मी तीन दिवाळ्या दारात उभी राहिले. नकारच द्यायचा तर 'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द आहे, शाईही कमी लागते. कायदा नुसता ऑनलाइन टाकून भागत नाही, तो बाकावर बसलेल्या माणसाला बसल्या बसल्या कळला पाहिजे. असली भाषा मी मानत नाही, वापरणार नाही आणि पाटी तर काढणारच नाही, हे वकीलसाहेबांनाही सांगून आले. (हसले. हसू देत.)

मामींना नमस्कार. मान उजवीकडे वळली की येईन.

तुमची,
सुषमा

ता. क. : आदेशाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात अपिलाची मुदत दिली आहे, तीस दिवस. त्यातले एकोणीस शोधण्यात, लॅमिनेट करण्यात आणि शेवळं खाण्यात गेले. तरी अपील तुम्हीच लिहून द्यावं, तुमच्या त्याच भाषेत. 'उपरोक्त' चार, 'सबब' निदान तीन. तिथे माझ्या मराठीला कोणी विचारत नाही. पत्र आणणारी बाई जिवलीच आहे, तुमचं बदलापूर तिच्या वाटेवरच पडतं. तिला पोच देऊ नका, चहा आणि अपील द्या. सायकल माफ.

ता. क. २ : निकाल लागेपर्यंत माझ्या दुकानाची पायरी तिची. पायरी माझ्या भाड्यात येते. करारनामा या वेळी उभा धरून दोनदा वाचला. बुवापाड्याच्या बुरुडाकडून नवी पाटी आणली आणि जिवली यायच्या आत पायरीवर ठेवून दिली. तिने विचारलं, ही पाटी कसली. म्हटलं, शेवळांची.