बाबांच्या खडूची खूण

४ फेब्रुवारी

पुन्हा दोन घंटा गायब! काल बाबांनी पास केल्या, खडूने खूण केली. आज पॅकिंगच्या खोलीतून फडताळापाशी जाते तर जागा रिकामी. पॉलिशवाले काका म्हणतात, "ताई, उंदरांनी नेल्या असतील." मला हसू आलं नाही. असले उंदीर दोन पायांचे असतात.

५ फेब्रुवारी

दादा म्हणाला, "पडून चिरल्या. भट्टीत टाकल्या." बोलताना मान खाली. कुठेतरी पाणी मुरतंय.

९ फेब्रुवारी

आजोबांनी पहिली भट्टी पेटवली तेव्हापासूनची रीत — प्रत्येक घंटा घरच्या कर्त्याने स्वतः वाजवायची, नाद विरेपर्यंत ऐकायचा. मधेच फाटला तर घंटा परत मुशीत. आजोबांनंतर हे काम बाबांचं. त्यांची खूण असलेली एकही घंटा आजवर परत आलेली नाही. कारखान्याची सगळी पत त्या खडूवर! आणि तोच माल दादा परस्पर विकतो. दुसरं काय?

बाबांनाही संशय आला असावा. हल्ली बोलतच नाहीत, नुसती मान डोलावतात. वहिनीला सहज विचारून पाहिलं. "वन्सं, बाबांना काही बोलू नका हं." म्हणजे तीही सामील.

१२ फेब्रुवारी

पाळत ठेवली. जेवायच्या सुट्टीत दादा फडताळापाशी. खूण केलेली एकेक घंटा कानाशी धरून हळूच वाजवत होता. निवडून निवडून चांगली उचलत असणार! एक पोत्यात गुंडाळली आणि मागच्या दाराने गेला.

लहानपणी मी याच्याच पाठीवर बसून भट्टी बघायला यायचे. राग येतो आणि रडूही येतं. उद्या बाबांना सांगणार. त्यांनी त्याला कारखान्यातून काढलं तरी चालेल.

१३ फेब्रुवारी

पॉलिशचं मशीन बंद होतं, सगळं शांत. बाबा पाठमोरे बसून घंटा तपासत होते. समोर जायचा धीर होईना, मागूनच म्हटलं — "बाबा, दादा चोर आहे. आपला माल विकतो."

वळले नाहीत. पुन्हा म्हटलं, चांगलं मोठ्याने. तरी नाही.

त्यांनी हातातल्या घंटेवर लाकडी हातोडी मारली. बद्द आवाज आला, फुटक्या मडक्यासारखा. बाबा मान कलती करून थांबले, नाद विरेपर्यंत थांबतात तितकेच. मग खडू घेतला आणि खूण केली.

मी मागे वळले. दारात दादा उभा होता, हातात रिकामं पोतं. त्याने सगळं ऐकलं होतं.