‘कह चुकी’ म्हणजे ‘चुकले’ नव्हे

दादा, त्या रविवारी मी माफी मागितली नव्हती. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, आणि त्याआधी कितीतरी वर्षं तुम्ही येईल त्या पाहुण्याला चहाबरोबर ही गोष्ट ऐकवलीत, की माझ्या पोरीनं भरल्या सभेत उभं राहून ‘चुकले’ म्हटलं, कमीपणा मानला नाही. मी शेजारी कपबशा गोळा करत असायची. आता तुम्ही नाही, ते पाहुणेही नाहीत, म्हणून सांगते. मी चुकले म्हटलं नव्हतं. मी त्याच्या अगदी उलट म्हटलं होतं. तुम्हाला ते कळलं नाही, कारण पुस्तकातलं जे पान सोपं दिसेल ते वाचायचंच नाही, ही तुमची जुनी खोड.

हिंदी घरात आणलीत तुम्हीच. लढाईची वर्षं होती, रॉकेल मिळायचं नाही, म्हणून शेवगावहून येणारे हिंदीचे गुरुजी दुपारीच वर्ग घ्यायचे, तुमच्याच शाळेत. तुम्ही गावचे हेडमास्तर, तेव्हा सतरंजीवर पहिल्या रांगेत तुम्ही, मागे दुकानदार, पोस्टमन, बागाईतदारांची दोन पोरं, आणि भिंतीकडेला मी, सातवी पास होऊन घरी बसलेली, सोळा वर्षांची. स्वराज्य आलं की सगळ्या देशाला एक भाषा लागेल, असं तुम्ही म्हणायचात, आणि ते तुम्हाला मनापासून वाटायचं. मग तुम्ही फर्मान काढलंत, रविवारी घरात फक्त हिंदी. मला अजून ते स्वयंपाकघर दिसतं. तुम्ही पाटावर बसला आहात, टोपी काढून मांडीवर ठेवली आहे, आणि आईला म्हणता आहात, ‘‘हमको और एक भाकरी वाढो.’’ आई तव्यावरची भाकरी उलटते आणि मान वर न करता म्हणते, ‘‘आदी भाकरीला इचारा तिला हिंदी येती का. मला तर न्हाई येत.’’ मी फिसकन हसते, तुम्ही माझ्याकडे डोळे वटारून बघता, आणि मग तुम्हालाही हसू आवरत नाही. ते रविवार मला आवडायचे, खोटं कशाला बोलू.

‘चुकना’चा धडा झाला त्या दिवशी तुम्ही नव्हता. तपासणीचे कागद घेऊन शेवगावला गेला होतात. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, ‘मैं खाना खा चुका हूँ’, आणि दुकानदाराला अर्थ विचारला. तो बिचारा उठून म्हणाला, ‘‘खायला नको हुतं, ते खाल्लं.’’ पोस्टमन म्हणाला, ‘‘न्हाई न्हाई, उपास हुता, इसरून जेवला.’’ गुरुजी हसून हसून खाली बसले. मग त्यांनी समजावलं. मराठीत चुकला तो चुकला. हिंदीत मात्र ‘चुकना’ दुसऱ्या क्रियापदाच्या पाठीला लागलं, की ते काम संपलं. जेवून झालं, लिहून झालं, सांगून झालं, पुन्हा करायचं कारण उरलं नाही. बाजारातल्या हिंदीत ‘हो गया’वर भागतं म्हणून आपल्या कानाला हे नवं, ते म्हणाले, पण रोजच्या बोलण्यात वापरा म्हणजे अंगवळणी पडेल. मी वापरू लागले. विहिरीवर, गोठ्यात, एकटीच पुटपुटायची, पानी भर चुकी हूँ, गोबर उठा चुकी हूँ. आईला वाटायचं पोरगी कामं बिघडवते आणि वर कबूलही करते. मला त्या शब्दाचं वेडच लागलं. आपल्या घरात बाईमाणसाचं कुठलंच काम कधी संपत नसे, आणि इथे एक शब्द होता जो दाराला कडी घालावी तसं ते संपवून टाकायचा. तुम्ही परत आल्यावर मी ते पान उघडून तुमच्यापुढे धरलं. तुम्ही वरवर बघितलंत आणि म्हणालात, ‘‘हा तर आपलाच शब्द. पुढचं घे.’’ मी पुढचं घेतलं.

आता ओट्याचं सांगते, कारण तुमच्या गोष्टीत तो ओटा कधी यायचाच नाही. ज्यांची घरं गावकुसाबाहेर, ती पोरं वर्गात नाही, बाहेर ओट्यावर बसायची. सरकारी हुकूम वेगळा होता आणि तो तुमच्याच कपाटात होता. खिडकीतून त्यांना अर्धा फळा दिसायचा, ऊन चढलं की तेवढाही नाही. तुम्ही वाईट नव्हता. तुम्ही पाटलाला घाबरत होता, बदलीला घाबरत होता, आईच्या दम्याला घेऊन कुठे जायचं या काळजीत होता. मला हे सगळं कळतं. मीही पुढे तीस वर्षं मास्तरकी केली, मलाही पाटील भेटले. पण देशाला एका भाषेत बसवायला निघालेल्या माणसाला एका खोलीत सगळी पोरं बसवता येईनात, हे मला तेव्हाही दिसत होतं. त्याचा राग मला तेव्हा आला होता आणि आजही येतो.

परीक्षेचे दाखले वाटायला नगरहून परीक्षक आले, तो हा रविवार. खुर्चीवर ते, शेजारी पाटील, मग तुम्ही. शाळेतली पोरं आत, ओट्यावरची ओट्यावर. माझा नंबर पहिला आला होता, म्हणून परीक्षक म्हणाले, बेटी, हिंदीत चार वाक्यं बोल, रोजच्या उपयोगातली. मी उठते. तुम्ही कौतुकानं बघता आहात. आणि मी म्हणते, ‘‘हमारे स्कूल के कुछ बच्चे बाहर ओटे पर बैठते हैं. उन्हें फळा दिखाई नहीं देता. उन्हें अंदर बिठाना चाहिए.’’ फळ्याला हिंदी शब्द मला आठवला नाही, पण त्यानं काही अडलं नाही. सगळ्यांना सगळं कळलं. पाटलानं घसा खाकरला. परीक्षक हातातल्या कागदांकडे बघू लागले. तुम्ही माझं मनगट धरून मला शेजारच्या खोलीत नेलंत, नकाशांच्या मागे, आणि एरवी शाळेत शुद्ध बोलणारे तुम्ही दातओठ खात म्हणालात, ‘‘भाईर जा आन् चुकली म्हन. चारचौघांत म्हन. हिंदीतच म्हन, पाव्हन्यालाबी कळंल.’’ मी तुम्हाला इतकं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

मी बाहेर आले, परीक्षकांसमोर उभी राहिले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, ‘‘मैं कह चुकी हूँ.’’ माझं सांगून झालंय. पुन्हा सांगणार नाही आणि मागेही घेणार नाही. तुमचा जीव भांड्यात पडला. पाटील म्हणाले, ‘‘व्हय, व्हय, ल्हान हाय पोर, चुकतंय.’’ तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. खुर्च्यांवरच्या तिघांत एकट्या परीक्षकांनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी दाखला माझ्या हातात दिला आणि पुढचं नाव पुकारलं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही नगरहून मला फाउंटन पेन आणलंत. चूक कबूल करणारी मुलगी शिकवावी, असं म्हणत मला ट्रेनिंगला पाठवलंत. मी पेन घेतलं, ट्रेनिंग घेतलं, आणि ज्या शाळेत गेले तिथे पहिल्या दिवशी ओटा रिकामा केला. एका गावानं त्यापायी मला महिनाभर पाणी भरू दिलं नाही. तुम्हाला हे कधी कळवलं नाही. कुठल्या गैरसमजावर तुम्ही मला शिकवलंत, याचं मला वाईट वाटत नाही. तुम्ही समजून शिकवायला हवं होतंत.

इतकं सगळं ताठ मानेनं लिहिलं, आता राहिलेलं लिहिते. गेल्या साली शेवगावच्या एस.टी. स्टँडवर एक बाई माझ्याजवळ आली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, कडेवर नातू. म्हणाली, ‘‘वळखलं का बाई? मी तुमच्या दादांच्या शाळंतली. वट्यावरची.’’ मग म्हणाली, ‘‘तवा तुमी आमच्यासाठी बोल्ला, लई बरं वाटलं हुतं. मग चुकले म्हनला. आमी म्हनलं, जाऊ द्या, त्यांचं तरी काय चालनार.’’ आवाजात जरासुद्धा राग नव्हता. मी तोंड उघडलं. तिला तो धडा समजावून सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण तेव्हा मला कळलं, की खिडकीबाहेरच्या त्या पोरांना माझ्या तोंडून काय ऐकू गेलं असेल, हे इतक्या वर्षांत मी एकदाही मनात आणलं नव्हतं. त्यांनाही मराठीच येत होतं, दादा. तो शब्द मी धिटाईनं निवडला असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे तुम्हाला तसं घाबरलेलं बघून मीही घाबरले होते, आणि तुम्हालाही चालेल असा शब्द मी शोधला होता.

तिची गाडी लागली, ती गेली. हे पत्र खरं तर तिला जायला हवं. तिचं नाव मला आठवत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.