दोनशे वाक्यं

३ मार्च, मंगळवार
आज बाराशे वाक्यं रेकॉर्ड करून पूर्ण. कपड्यांच्या कपाटात डोकं घालून बोलते — आत रस्त्याचा आवाज येत नाही. वाक्यं वाचा-उपचारवाल्या बाईंच्या यादीतली. 'टेबलावर निळी वही आहे.' जन्मात कधी म्हटलं नसेल. पुढच्या मंगळवारी डॉक्टर गळ्यातली गाठ स्वरयंत्रासकट काढणार. मग मी टाइप करायचं आणि कॉम्प्युटरने या वाक्यांवरून माझ्या आवाजात बोलायचं, अशी व्यवस्था.

५ मार्च, गुरुवार
कॉम्प्युटर सुरूच होत नाही. आतून नुसती टकटक.

६ मार्च, शुक्रवार
दुरुस्तीवाल्याने डिस्क कानाशी धरली. "ताई, ही गेली. बॅकअप असेल ना?"
नाही म्हटलं. तो खाली बघत स्क्रू परत लावत बसला.
बॅकअप नवरा घेणार होता. "रविवारी घेतो" — दोन रविवार हेच. मला रागही आला नाही. भाजी चिरली.
नणंदेचा फोन. "एवढी शिकलेली माणसं तुम्ही, आणि एक कॉपी ठेवली नाही?"
नाही ठेवली.

७ मार्च, शनिवार
उपचारवाल्या बाई म्हणाल्या, "तीन दिवसांत बाराशे होणं नाही. घशाला ताण नको. दोनशेच करा. यादी राहू दे, घरात जे बोलता तेच बोला." एवढ्यावर आता टाइप करून बोलता येणार नाही. बटण दाबायचं, तेवढंच वाक्य वाजणार.
घरात काय बोलते मी? वीस वर्षं बस डेपोच्या चौकशी खिडकीत बसले, तिथलं सगळं पाठ. घरातलं एक सुचेना. लेकीला विचारलं. तिने धडाधड सांगितली — "दार नीट लाव. कुणाचा फोन? अगं हळू. तुला काय कळतंय."
लिहून घेतली.

८ मार्च, रविवार
एकशे तीस. आवाज बसत चाललाय. दर दहा वाक्यांनी नवरा कॉपी करतो — एक पेनड्राइव्हवर, एक लेकीच्या लॅपटॉपवर, एक इंटरनेटवर. परत उघडून बघतो. "वाजतंय," म्हणतो. बघून काही वाटत नाही. आत कापूस कोंबल्यासारखं.

९ मार्च, सोमवार
दोनशे झाली. शेवटची लेकीला हाक. नावाने कधी मारतच नाही, ठमे म्हणते. दोन्ही घेतल्या. बॅग भरली.

१० मार्च, मंगळवार
थोड्या वेळात नेतील. नवऱ्याशी काहीतरी बोलायला हवं होतं. "जाताना छत्री घे," म्हटलं. मग लक्षात आलं, हे वाक्य घ्यायचं राहिलं.

२६ मार्च, गुरुवार
काल घरी आले. सकाळी लेकीने टॅबलेट मांडीवर ठेवला. हाताला आलं ते बटण दाबलं. माझा आवाज म्हणाला, "अरे, जरा इकडे ये ना."
बाथरूममधून नवऱ्याने ओ दिली, "आलो गं."
मग नळ बंद झाला. दारात येऊन उभा राहिला, अर्ध्या गालाला साबण तसाच. मी रडत होते — रडण्याला आता आवाज होत नाही.
म्हणाला, "परत बोलव."