रुमालाखालचा हात

अमरावती, कार्तिक वद्य पंचमी, शके १७८६

दंग्यानंतर आज पहिल्यांदा रहीमभाई कापसाच्या बाजारात भेटला. वीस वर्षं आमचे सौदे रुमालाखाली झाले. बोटं दाबायची, भाव ठरायचा, तोंडानं बोलायचं नाही. आजही मी रुमाल टाकून हात पुढे केला. त्यानं केला नाही. एरवी दामूभाऊ म्हणणारा, आज चारचौघांत म्हणाला, "भाव तोंडानंच सांगा, पंत. हात नाई द्याचा मले."

सांगितला. कापसाला सोन्याचा भाव आलाय म्हणतात. आला असेल.

राग तरी कसा धरू त्याचा? दंग्याच्या दिवशी तोच हात माझं दार ठोकत होता. "दामूभाऊ, कडी काढ. मारतीन मले." मी आतून कडी दाबून धरली होती. आज रुमालाखाली जो पुढे केला, त्याच हातानं.