आईशेजारची जागा

प्रिय वेलो,

तू फोनवर “सगळं ठीक ना?” विचारतोस, मीही “ठीक” म्हणून मोकळी होते. ठीक काही नाही रे. परवा धोक्याचा भोंगा वाजला तेव्हा मी बटाट्याच्या शेतात होते. डोक्यावरून ड्रोन गेलं म्हणे. कुणाचं, ते कुणी सांगत नाही. शेजारच्या लेइदाकाकूंनी तळघर झाडून सगळ्या लोणच्याच्या बरण्या तिथे नेल्यात, मरायचं तर भरल्या पोटी म्हणून. माझा पोरगा तानेल लष्करात सक्तीच्या नोकरीवर आहे, त्याची तुकडी सरहद्दीच्या रस्त्यावर काँक्रीटचे अडथळे मांडते. रस्त्यावर गाडी थांबली तरी मी धावत खिडकीशी जाते.

आणि अशात बाबांनी धोशा लावला, ऑगस्टच्या सणाला सरहद्दीपलीकडे, रशियात जायचंच. आईच्या माहेरच्या दफनभूमीत, तिच्या थडग्यावर कापड अंथरून जेवायचं. लहानपणी आजोबांच्या थडग्यावर असंच जेवायचो, आठवतं ना? अंडी, सारण भरलेले ते पाव, आईच्या हातचं जिरं घातलेलं चीज, आणि गेलेल्यांचा वाटा मातीवर. तू आजोबांच्या वाट्याचं अंडं पळवलंस, तर आईनं कान धरून तुला थडग्याची माफी मागायला लावली होती. तेव्हा सरहद्द म्हणजे नुसती कटकट होती. आता रशियाच्या चौकीवर नातू सैन्यात असलेला म्हातारा एकटा उभा राहिला आणि कुणी अडवून ठेवलं तर? मी बाबांशी कडाकडा भांडले. ते काठी उचलून बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आपल्या गावच्या चर्चमागे सापडले, कुंपणाजवळ स्वतःच्या थडग्याची जागा काठीनं आखत. आईच्या दगडावर त्यांचं नाव कधीचं कोरलेलं आहे, फक्त साल घालायचं राहिलंय, हे तुला माहीत आहे. मी तेच म्हणाले. तर म्हणाले, “तिच्याशेजारी निजलो तर मला जेवायला घालायला कोण येणार? तुम्हाला कोण येऊ देतंय? मी उपाशी राहीन, आणि तुझी आई मलाच बोलेल.” मी तिथेच रडले. ते मात्र त्या जागेवरचे दगड वेचत राहिले.

यंदा सणाला ते पलीकडे जाणार नाहीत. त्या रिकाम्या जागेवर कापड अंथरून स्वतःच जेवायला बसणार आहेत. कोण येतं ते जिवंतपणी बघायचंय म्हणे. तुला कळवू नको, त्याला त्याची कामं असतात, असंही बजावलंय. मी ऐकणार नाही, म्हणून हे पत्र. जो येणार नाही त्याच्या वाट्याचं अंडं मातीवर ठेवायचं, असं त्यांनी ठरवलंय. वेलो, तुझं अंडं मला मातीवर ठेवायचं नाही. ये.

तुझी बहीण,
हिल्या