आधी साधं पाणी

बोगदा कॅम्प, अरुणाचल
६ जानेवारी २०२५

ती. आईस, प्रणयचा शि. सा. न.

ताईचं पत्र रेशनच्या ट्रकमधून आलं. इथं रेंज नाही, म्हणून मीपण कागदच काळा करतोय. तुझ्या मोठ्या आतड्यात चपटी गाठ आहे. डॉक्टर नळी घालून तिच्याखाली सुईने पाणी सोडणार, गाठ फोडासारखी वर आली की तारेच्या फासाने कापणार. पोट फाडायचं नाही. पण गाठ वर आलीच नाही तर ती खोल गेलेली असू शकते, मग मोठं ऑपरेशन. हे मी चारदा वाचलं.

पण आई, ते म्हणे मिठाचं पाणी सोडणार! अगं, मी तेच काम करतो ना. बोगद्याच्या भेगांत सिमेंटचं पाणी दाबून भरतो. पातळ भरलं की पळून जातं, घट्ट भरलं की थांबतं. तार लावेपर्यंत गाठ परत खाली बसली तर? तू घट्टच माग. बाजारात तुझ्या गळ्यात कोणी शिळं पापलेट मारू शकत नाही, मग हे का घेतेस? आठवी नापास असलो तरी यातलं मला कळतं.

माया आहेच, ती इकडे पोचती करत जा.
तुझा प्रणय

दिवाळे, १७ जानेवारी

चि. प्रणय यास अ. आ., आणि एक कानाखाली, ती घरी आलास की.

शाबास इंजिनियर! काल आईची तारीख होती. पेजेवर राहणं, जुलाबाचं औषध, सगळं तिने निमूट केलं. टेबलावर गेल्यावर डॉ. सबिहा मॅडमना विचारलं, कोणतं पाणी. त्या म्हणाल्या, आधी थोडं मिठाचं, निळा रंग घालून. झालं! बाई खाली उतरली, लुगडं नेसली आणि रिक्षाने घरी. म्हणे, माझा पोरगा त्याच कामात हाय, तो नको बोलतो.

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, लहान गाठीला नुसतं मिठाचं पाणीही पुरतं. आईची मोठी आहे, म्हणून घट्ट औषधही काढून ठेवलंय, ते जास्त वेळ टिकतं. पण आधी पाण्याने बरोबर थर सापडतो का, गाठ उचलते का, ते बघायचं. आईला पटत नाही. खरं सांगू? ती घाबरलीय, आणि तुझ्या पत्राचा तिला आडोसा मिळालाय. पदराला बांधून फिरते. पुढची तारीख तेरा फेब्रुवारी. ही टाळली तर मॅडमना काळजी आहे, मलाही. आता तूच काय ते लिही.

रागावलेय, पण जीव तुझ्यातच.
रुतिकाताई

कॅम्प, २९ जानेवारी

ती. आईस शि. सा. न.

आई, मी तुला अर्धंच लिहिलं, शान मारायला. भोक पाडलं की आम्हीपण आधी साधं पाणीच सोडतो. कुठं जातं, किती जातं, ते बघतो. मग किती घट्ट ते ठरतं. तेही मी ठरवत नाही, फोरमन सुगतभाऊ ठरवतात. मी पंप चालवतो. तीन वर्षांत त्यांनी मला एकदाही ठरवू दिलं नाही, आणि मी बसलो तुझ्या पोटाचं ठरवायला.

मॅडमना सांग, प्रणय माफी मागतो.

मी शाळेतून पळालो, गोदीतून पळालो, वॉचमनकीतून पळालो. तू कधीच पळाली नाहीस. या वयात माझं बघून नको शिकूस. तेराला झोप टेबलावर. ते पत्र फाडून टाक, हे ठेव.

राग धर, पण जाऊन ये.
तुझा प्रणय

दिवाळे, २ मार्च

चि. प्रणय यास आईचे अनेक आशीर्वाद. मी बोलते, रुतिका लिवते.

झोपले. उठले नाय. मॅडमनी आधी मिठाचं पानी सोडलं, मंग घट्ट. नंतर फोटो दाखवला. तांदळाच्या भाकरीचा पापुद्रा फुगतो ना, तशी गाठ वर आलेली, निळी निळी. काढली सगळी. काल रिपोर्ट आला, कॅन्सर नाय. रुतिका रडली, मी नाय. (हे खोटं आहे. – ताई)

आता सहा महिन्यांनी परत नळी घालून बघनार. तवा मी टेबलावरून उठनार नाय, असं काय लिवून देत नाय. पत्राच्या शेवटी लोभ असू दे म्हनायची रीत हाय. मी म्हनते, तवा तू दवाखान्यात दाराशी येऊन बस.

तुझी आई